कानातली कुईं आणि आठवड्याचा हिशोब

प्रश्न : मी पुण्यात राहते, वय २८. काम घरून. रोज साडेसहा तास लॅपटॉपवर ग्राहकांचे कॉल, कानात वायरलेस इअरबड्स. जुलैपासून ढोल पथकाच्या सरावाला जाते, आठवड्यात पाच दिवस, दोन-दोन तास. स्कूटरवर जाता-येता एका कानात बड असतो. गेले पाच आठवडे दोन्ही कानांत बारीक ‘कुईंऽऽ’ असा आवाज येतोय. दिवसा फारसा कळत नाही, रात्री खोली शांत झाली की झोपू देत नाही. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी केली, ‘नॉर्मल’ आली. आई म्हणते ब्लूटूथच्या लहरींनी होतंय, मैत्रीण म्हणते नॉइज कॅन्सलेशनने. मामी कोमट तेल घालायला सांगते. मेडिकलवाल्याने जिंकोच्या गोळ्या दिल्यात. आयफोनमधलं हेल्थ अ‍ॅप मात्र हेडफोनची सरासरी ७४ डेसिबल, म्हणजे ‘ठीक’ दाखवतं. मग चुकतंय कुठे? बड्स टाकून देऊ का? आणि हे जाणार का?

उत्तर : बड्स टाकू नका. आज संध्याकाळच्या सरावाला मात्र इअरप्लगशिवाय जाऊ नका. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा आवाज ढोल-ताशाचा आहे आणि घरातल्या कोणीच त्याच्याकडे बोट दाखवलेलं नाही.

सुरुवातीला एक छोटी खात्री करून घ्या. आवाज बडमधून येतोय की कानातून? नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबणारी बडमधली सोय, चालू असताना आणि काहीही वाजत नसताना बऱ्याच बड्समधून हलकी ‘सूंऽऽ’ ऐकू येते. ती यंत्राची असते. बड काढून डबीत ठेवल्याबरोबर आवाज थांबला तर तो बडचा. काढल्यावरही राहिला तर तो कर्णनाद (इंग्रजीत टिनिटस), म्हणजे बाहेर काही वाजत नसताना कानात ऐकू येणारा आवाज. तुम्हाला रात्री बड्सशिवायच ऐकू येतं, तेव्हा तुमचा दुसऱ्या प्रकारातला दिसतो. मग दात घट्ट आवळून बघा, जबडा पूर्ण उघडा, मान दोन्हीकडे वळवा. यातल्या कशाने आवाज चढला-उतरला किंवा त्याची पट्टी बदलली, तर जबड्याच्या सांध्याचा किंवा मानेच्या स्नायूंचाही त्यात हात आहे. दिवसभर लॅपटॉपसमोर मान पुढे काढून बसणाऱ्यांत हे बरंच आढळतं. तसं वाटलं तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण मग फिजिओथेरपिस्ट किंवा दंतवैद्याचीही मदत होते.

आता काही लक्षणं अशी, की ती असतील तर हे उत्तर वाचणं थांबवून डॉक्टरांकडे जायचं. एका कानाने अचानक, तीन दिवसांच्या आत, कमी ऐकू येऊ लागणं ही कानाची तातडीची अवस्था आहे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला गाठायचं. त्यावर स्टिरॉइड द्यायचं असेल तर पहिल्या दोन आठवड्यांतच त्याचा खरा उपयोग असतो आणि ‘सर्दीने कान बसला असेल’ म्हणत नेमके तेच दिवस जातात. आवाज फक्त एकाच कानात असणं, तो नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणं, सोबत गरगरणं, चेहऱ्याचा एक भाग लुळा वाटणं, कान वाहणं, यांपैकी काहीही असलं तरी तपासणी टाळू नका. एकाच कानात राहणाऱ्या आवाजासाठी डॉक्टर कधी एमआरआय सांगतात, श्रवण-मज्जातंतूवर गाठ नाही ना हे पाहायला. दोन्ही कानांत सारखा, संथ, बारीक आवाज असेल आणि बाकी काही नसेल तर सहसा स्कॅनची गरज पडत नाही. तुम्ही वर्णन केलेला आवाज या दुसऱ्या गटातला आहे.

मग ते ७४ डेसिबल. आकडा खोटा नाही, अपुरा आहे. फोन फक्त स्वतःवर वाजलेलं मोजतो. लॅपटॉपवरचे साडेसहा तास त्याच्या वहीत नाहीत, सरावाचे दोन तास नाहीत, स्कूटरवर कानाशी घोंघावणारा वाराही नाही. फोनवरून बोलताना येणारा आवाजसुद्धा तो धोक्याच्या सूचनांसाठी धरत नाही, फक्त गाणी-व्हिडिओ धरतो. म्हणजे तुमच्या आठवड्यातला सगळ्यात सौम्य तुकडा मोजून त्याने ‘ठीक’ म्हटलंय.

पूर्ण हिशोब मांडायला जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मिळून ठरवलेलं माप वापरता येतं. मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबल आवाज ४० तास चालतो, लहान मुलांना ७५ डेसिबल ४० तास. यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, कारण ३ डेसिबल वाढणं म्हणजे कानात जाणारी ऊर्जा दुप्पट होणं. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ९० ला ४, ९५ ला सव्वा तास आणि १०० ला आठवडाभरात मिळून फक्त २० मिनिटं. यात फसगत अशी की ३ डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, आणि तोवर परवानगीची वेळ दहापटीने घटलेली असते.

लॅपटॉपवरच्या कॉलचा आवाज किती, हे घरी अंदाजाने मोजता येतं. आयफोनच्या कंट्रोल सेंटरमध्ये ‘हिअरिंग’ हे कानाचं चिन्ह जोडून घ्या. एक नेहमीसारखा कॉल घ्या आणि आवाज किती मोठा वाटतोय ते लक्षात ठेवा. कॉल संपल्याबरोबर तेच बड्स फोनला जोडा, त्यावर नुसतं बोलणं असलेलं काहीतरी लावा, बातम्या किंवा मुलाखत, आणि आवाज कॉलइतकाच वाटेपर्यंत वर-खाली करा. मग ते चिन्ह दाबा. चालू क्षणाचा डेसिबल आकडा दिसेल. बड्स दुसऱ्या कंपनीचे असतील तर आकडा ढोबळ असतो, पण आपल्या कामापुरता पुरतो. दोन-तीन वेगवेगळ्या वेळी करा; दुपारी घरात कुकर, मिक्सर, रस्त्यावरचे हॉर्न चालू असताना तर नक्कीच.

समजा तो ८३ निघाला. आठवड्याचे साडेबत्तीस तास, परवानगी २० ची, म्हणजे एकट्या कॉलनी मर्यादेच्या १६० टक्के घेतले. सरावात कानाशी १०० डेसिबल धरू. ताशाजवळ तो याहूनही चढतो. दहा तास म्हणजे ६०० मिनिटं, परवानगी २० मिनिटांची. मर्यादेच्या तीसपट. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावर बड्स टाकून दिल्याने काय साधेल ते कळतं : तीसपट आहे तिथेच राहील. पण बड्स निर्दोष आहेत असंही नाही. सराव झाल्यावर कान जड, बधिर वाटतात ना? ती तात्पुरती घट असते आणि ती भरून यायला कानाला काही तास, कधी एक-दोन दिवस, शांतता लागते. तुम्ही रात्री सरावाहून येता आणि सकाळी पुन्हा कानात बड घालून ८३ डेसिबल सुरू करता. आणि कान बधिर असल्यामुळे आवाज नेहमीपेक्षा थोडा वरच ठेवता.

आत काय बिघडतं तेही थोडक्यात. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत, प्रत्येक बाजूला, साधारण साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजार बाहेरच्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, असतात. आवाजाच्या माऱ्याने त्या थकतात, मग मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या पेशी आधी जातात, कारण बाहेरच्या कानाच्या नळीची रचनाच तिथला आवाज वाढवून आत पाठवते. तिकडून मेंदूकडे जाणारे संदेश कमी झाले की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो, आणि मज्जातंतूंची एरवी न जाणवणारी हालचाल आवाज म्हणून ऐकू येऊ लागते. म्हणून कुईं बहुतेकदा बारीक, वरच्या पट्टीतली असते.

तुमची ऑडिओमेट्री नॉर्मल आली हे चांगलंच आहे, पण त्या कागदावर नेमक्या कोणत्या जागा तपासल्यात ते पाहा. नेहमीची चाचणी २५० ते ८००० हर्ट्झ एवढीच असते आणि घाईत ३००० व ६००० या मधल्या जागा गाळल्या जातात, म्हणजे नेमका आपल्या कामाचा भाग. पुन्हा कराल तेव्हा त्या दोन जागा, शक्य असेल तर १६००० हर्ट्झपर्यंतची उच्च-वारंवारता चाचणी आणि बाहेरच्या केसपेशींची ओएई चाचणी मागा. चाचणीच्या आधी किमान १४ ते १६ तास मोठा आवाज नको. सरावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ घेतली तर कागदावर थकलेला कान उतरेल. या चाचण्यांनी उपचार फारसा बदलत नाही हेही सांगून ठेवतो. त्यांचा खरा उपयोग पुढच्या वर्षी तुलना करायला.

आता आईचं म्हणणं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि बड्सची प्रक्षेपणशक्ती सहसा काही मिलिवॉट असते. कानाला लावलेला फोन याच्या कितीतरी पट शक्तीने लहरी सोडू शकतो. या लहरींत पेशींमधले रेणू मोडण्याइतकी ऊर्जा नसते. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवलं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे निरोप बहुधा त्याच्याच आधाराने लिहिलेले असतात. पण तो निर्णय मोबाइल फोनच्या मर्यादित पुराव्यावरचा होता. कर्णनादाशी त्याचा संबंध नाही, आणि ब्लूटूथने कान वाजतात असा पुरावाही नाही. वायरवाल्या इअरफोनवर हेच ८३ डेसिबल, हेच साडेबत्तीस तास ऐकले असते तर कानाचं एवढंच नुकसान झालं असतं.

मैत्रिणीचं निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चुकीचा. नॉइज कॅन्सलेशन चालू केलं की कुईं जास्त जाणवते हे खरंच आहे, कारण बाहेरचा पंखा, रस्ता, फ्रीज सगळं गायब होतं आणि उरतो तो आतला आवाज. पूर्ण शांततेत तर निरोगी कानांनाही काहीतरी ऐकू येतं. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० माणसांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, तर त्यांतल्या सुमारे ९४ टक्क्यांनी कुठलातरी आवाज ऐकल्याचं सांगितलं. काहींना कॅन्सलेशनने कानात दाब आल्यासारखं वाटतं. तसं होत असेल तर ते बंद ठेवा, अडून बसण्यासारखं त्यात काही नाही. पण लोकल, बस, विमान अशा घरघरीच्या जागी ते फायद्याचं आहे, कारण घरघर कमी झाली की गाण्याचा आवाज आपोआप खाली ठेवता येतो. घरी कॉलवर असताना मात्र बाहेरचं थोडं आत येऊ देणारी ‘ट्रान्स्परन्सी’ किंवा ‘अँबियंट’ ही सोय बरी. बंद कानात आपलाच आवाज घुमतो, आपण नकळत ओरडून बोलतो आणि समोरच्यालाही वर चढवतो.

कॉलचा आवाज खाली आणायला सगळ्यात उपयोगी पडेल ती गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. ब्लूटूथ बड्सचा माइक चालू झाला की लॅपटॉप त्यांना गाण्याच्या उत्तम दर्जावरून कॉलच्या हलक्या दर्जावर टाकतो. ध्वनी ८००० किंवा १६००० नमुने प्रतिसेकंदावर येतो. वरच्या पट्ट्या कापल्या जातात, स, श, फ, थ नीट उमगत नाहीत आणि आपण ‘ऐकू येत नाही’ म्हणून आवाज वाढवतो. खरं तर ऐकू येत असतं, कळत नसतं. उपाय : मीटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओच्या सेटिंगला जा, स्पीकर म्हणून बड्स ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा किंवा साधा यूएसबी माइक निवडा. बोलणं लगेच स्वच्छ होतं आणि आवाज काही डेसिबल खाली आणता येतो. कंपनी यूएसबीचा वायरवाला हेडसेट देत असेल तर त्याहून उत्तम. निम्मे कॉल त्यावर घ्या.

दुसरं, रबरी टोपी. डबीत लहान-मध्यम-मोठ्या येतात आणि बहुतेक जण लावून आलेली मध्यमच वापरत राहतात. टोपी सैल असेल तर खर्ज गळतो, बाहेरचा गोंगाट आत येतो, बोट आवाजाकडे जातं. दोन्ही कानांना एकच माप बसेल असंही नाही. तिसरं, एकाच कानात बड घालून कॉल घेऊ नका. दोन्ही कानांनी ऐकलं की तोच आवाज मोठा वाटतो आणि समजतोही नीट, त्यामुळे एकूण आवाज कमी ठेवता येतो.

आणि आवाजाची पातळी ठरवायची ती सकाळी, खोली शांत असताना. जेवढ्यात बोलणं आरामात कळतं तेवढी रेघ धरा आणि दिवसभरात ती ओलांडायची नाही. मिक्सर सुरू झाला तर दार लावा, रेघ हलवू नका. ‘साठ टक्के आवाज, साठ मिनिटं’ हा नियम तुम्ही ऐकला असेल. गाण्यांसाठी तो ठीक आहे, पण साठ टक्के म्हणजे किती डेसिबल हे प्रत्येक फोन-बड जोडीचं वेगळं असतं, आणि साडेसहा तासांच्या नोकरीला तो लागूच पडत नाही. ‘हातभर अंतरावरच्या माणसाचं बोलणं ऐकू आलं पाहिजे’ ही जुनी कसोटीही कान बंद करणाऱ्या बड्सना चालत नाही. त्यांत गाणं बंद असतानाही ते बोलणं नीट ऐकू येत नाही. फोनवर ‘सेटिंग्ज’मध्ये ध्वनीच्या भागात हेडफोन सुरक्षिततेची सोय आहे, तिथे मोठा आवाज कमी करण्याची मर्यादा ८० वर ठेवा. ती फोनपुरतीच आहे, एवढं ध्यानात असू द्या.

स्कूटरवरचा एका कानातला बड कायमचा काढा. हेल्मेटमध्ये वाऱ्याचा आवाजच मोठा असतो, त्यावर गाणं ऐकू यायचं तर ते त्याहून मोठं लागतं. मागून येणाऱ्या पीएमपी बसचा हॉर्न ऐकू न येणं हा वेगळाच धोका.

आता पथक. फोमचे इअरप्लग औषधांच्या दुकानात किंवा औद्योगिक सुरक्षेचं सामान विकणाऱ्यांकडे स्वस्त मिळतात. पाकिटावर २९ किंवा ३३ डेसिबल लिहिलेलं असतं ते प्रयोगशाळेतलं. प्रत्यक्षात निम्मं हाती लागलं तरी चांगलं. हात स्वच्छ, कोरडे करून प्लग दोन बोटांत वळून बारीक, सुरकुती नसलेली वात करा. डोक्यावरून दुसरा हात नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. वात आत सारा आणि फुगेपर्यंत तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. हे धरणं सगळे टाळतात आणि मग प्लग अर्धा बाहेर राहून नुसता शोभेला उरतो. नीट बसला की स्वतःचा आवाज खोल, घुमल्यासारखा येतो. ढोल चालू असताना दोन्ही तळवे कानांवर दाबा. त्याने आवाज आणखी बराच कमी झाला तर प्लग बसलेला नाही, काढून पुन्हा घाला.

फोमची एक अडचण आहे. तो वरच्या पट्ट्या जास्त खातो, त्यामुळे ताशाच्या काड्या बोथट ऐकू येतात, ढोलाचा धमाका मात्र छातीत जाणवतोच. ठेका चुकतो म्हणून वादक पहिल्याच दिवशी प्लग खिशात टाकतात. त्यावर इलाज म्हणजे संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले प्लग. ते सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्या, १५ ते २० डेसिबलने कमी करतात, म्हणून ताशाचा हात स्वच्छ ऐकू येतो. फोमपेक्षा महाग असतात, पण धुऊन कित्येक महिने वापरता येतात. बड्सचं कॅन्सलेशन चालू करून तेच प्लग म्हणून वापरू नका. ते संथ घरघरीसाठी बनवलेलं असतं. ताशाच्या काडीच्या आणि ढोलाच्या टिपरूच्या तडाख्यावर विसंबण्यासारखं नाही.

जागाही बदलून बघा. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की एका वाद्याचा आवाज ६ डेसिबलने पडतो, म्हणून ताशाच्या फळीपासून दोन रांगा मागे सरकणं फुकटचं संरक्षण आहे. नदीपात्रात मोकळ्यावरचा सराव आणि पुलाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये केलेला सराव यांतही मोठं अंतर पडतं. छताखाली आवाज परतून येतो. पथकप्रमुखांना हे पटवणं कठीण नसावं. त्यांचे कान तर तुमच्यापेक्षा जास्त वर्षं त्यात आहेत.

आता हिशोब पुन्हा मांडा. कॉल ८३ वरून ७७ वर आले तर परवानगी ८० तासांची, तुमचे साडेबत्तीस म्हणजे ४० टक्के. नीट बसलेल्या प्लगने १८ डेसिबल गेले तर सराव ८२ वर आला, परवानगी साधारण २५ तास, तुमचे दहा म्हणजे आणखी ४० टक्के. ७४ डेसिबलने रोज तासभर गाणी ऐकलीत तर जेमतेम ४ टक्के. बसलं शंभरात. प्लगने १५ च मिळाले तर एकटा सराव ८० टक्क्यांवर जातो, मग त्या आठवड्यात एक-दोन दिवस विश्रांती घ्या. सगळ्यात आधी आठ-दहा दिवस सराव पूर्ण थांबवता आला तर तेच करा. कान आत्ता दमलेला आहे.

मामींना नम्रपणे नकार द्या. तेलाने कुईं जात नाही, कारण ती पडद्याच्या पलीकडे आहे. पावसाळ्यात ओलसर, तेलकट आणि वरून बडने तासन्‌तास बंद केलेल्या कानात बुरशी धरते : खाज, दडे, काळपट-पांढरट थर. पडद्याला भोक असेल तर तेल थेट आत जातं. मळाचं मात्र तपासून घ्या. बड रोज आत ढकलला की एरवी आपोआप बाहेर येणारा मळ आत दाबला जातो, आणि मळ पडद्याला टेकला की तेवढ्यानेही कान वाजू शकतो. दुर्बिणीने पाहून डॉक्टरच तो काढतील. काडी, पिन, कापसाचे बड्स काही नको. इअरबडच्या रबरी टोप्या आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून लावा, जाळी कोरड्या मऊ ब्रशने झाडा.

जिंकोच्या, म्हणजे जिंको झाडाच्या पानांच्या अर्काच्या, गोळ्या थांबवा. कर्णनादासाठी तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत जिंको, झिंक, मेलाटोनिन यांची शिफारस करू नये असं स्पष्ट लिहिलंय, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर जिंकोने रक्तस्राव वाढू शकतो. त्याऐवजी उलटी चौकशी करा : गेल्या दोन महिन्यांत कुठलं औषध नव्याने सुरू झालं? मोठ्या मात्रेत अ‍ॅस्पिरिन, नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या, क्विनीन, जेंटामायसिन-अमिकासिनसारखी इंजेक्शनं यांनी कान वाजू शकतात. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र स्वतःहून बंद करू नका. चहा-कॉफी सोडल्याने फायदा होतो असं दिसलेलं नाही. एकदम सोडलीत तर डोकं दुखेल ते वेगळंच.

रात्रीसाठी : शांत खोली टाळा. छताचा पंखा हे आपल्याकडचं उत्तम यंत्र आहे. पंखा पुरत नसेल तर खोलीतल्या स्पीकरवर पावसाचा, लाटांचा आवाज लावा, कुईंपेक्षा किंचित कमी ठेवून. कुईं पूर्ण झाकली तर मेंदूला तिच्याकडे दुर्लक्ष करायची सवय लागत नाही. दोन्ही आवाज मिसळलेले हवेत. हे बड्समधून नको, कान रात्रभर मोकळा राहू द्या. आज आवाज किती, काल किती, अशी नोंदही ठेवू नका; जितकं लक्ष, तितका आवाज पुढे येतो. आणि आता घाबरून घरातही, स्वयंपाक करतानाही प्लग घालून फिरू नका. साध्या आवाजांपासून लपवलेला कान आणखी हळवा होतो, मग भांड्यांचा खणखणाटही सहन होत नाही.

हे जाणार का? पाच आठवडे म्हणजे नवीनच. अशा नव्या कर्णनादातले बरेचसे, कारण थांबलं की, आठवड्या-महिन्यांत उतरतात. काहींचा राहतो, पण मेंदू त्याला मागे टाकतो आणि दिवसातून क्वचितच आठवण होते. तुमचा कोणत्या वाटेने जाईल याची हमी कोणी देत असेल, विशेषतः पैसे घेऊन, तर तिथून उठा. सहा महिन्यांनंतरही राहिला आणि झोप-कामावर परिणाम होत असेल, तर सगळ्यात चांगला पुरावा असलेला उपाय म्हणजे सीबीटी ही मानसोपचार पद्धती. आवाज ती घालवत नाही, त्याचा जाच कमी करते. ऐकण्यात घट सापडली तर श्रवणयंत्रानेही कर्णनाद मागे पडतो. मधल्या काळात फारच निराश वाटलं, जगणं नको वाटलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

तपासणीसाठी पुण्यात ससून रुग्णालयाचा कान-नाक-घसा विभाग आहे, भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजी महाविद्यालय आहे. मुंबईत बांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवण याच विषयाला वाहिलेली आहे. खासगी ठिकाणी गेलात तर ऑडिओलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. श्रवणयंत्राच्या दुकानातली ‘फ्री चेकअप’ची पाटी म्हणजे तपासणी नव्हे. कर्णनादाचा त्रास किती हे मोजणारी टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी ही २५ प्रश्नांची यादी भरून घ्या. गुण ० ते १०० असतात; १६ पर्यंत किरकोळ, ३८ पासून मध्यम, ५८ पासून तीव्र.

विसर्जन मिरवणुकीत सलग कितीतरी तास आणि मधूनमधून डीजेच्या भिंती, म्हणून त्या दिवशी खिशात प्लगच्या दोन जोड्या जास्त ठेवा. घामाने फोम निसटतो. मिरवणुकीनंतर दोन दिवस कॉल लॅपटॉपच्या स्पीकरवर घ्या. पुढची ऑडिओमेट्री त्यानंतर दोन आठवड्यांनी करा, आत्ताचा कागद सोबत घेऊन, ३००० आणि ६००० च्या जागांसकट.